मूल भाजलं, पडलं, काही गिळलं: या चुका टाळा

इतकी वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून काम करतेय, पण भाजलेल्या पोराच्या अंगावरची टूथपेस्ट पुसायचं काम काही संपत नाही.

एक दीड वर्षाची मुलगी होती. ओट्यावरचं चहाचं पातेलं तिनं अंगावर ओढून घेतलं. आजीनं टूथपेस्ट लावली, शेजारणीनं हळद-तूप, वर कापूस दाबला. आमच्याकडे येईतो कापूस जखमेत रुतला होता. ओल्या गॉजनं एकेक तंतू सोडवत होते आणि ती 'नको, नको' म्हणत माझंच बोट घट्ट धरून होती. त्या घरात नळाला पाणी होतं.

भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण 20 मिनिटं धरा. मी तर घड्याळ समोर ठेवते, कारण मूल रडलं की घरचे दोन मिनिटांत 'झालं, झालं' म्हणत उचलतात. बर्फ नको. बांगड्या, कडं, कपडे काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. तान्हं असेल तर बाकीचं अंग टॉवेलात गुंडाळा, गारठतं. थोडा वेळ गेला असला तरी पाणी ओताच, पहिल्या तीन तासांत उपयोग होतो. मग स्वच्छ सुती कापड सैल टाकून दवाखान्यात या.

डोक्यावर पडल्यावर 'टेंगूळ आलं, म्हणजे आत काही नाही' हे खोटं आहे. पुन्हा पुन्हा उलटी, झटका, शुद्ध हरपणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, पण मधूनमधून उठवून बघा, नीट जागं होतं का.

रॉकेल प्यायलं तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात जातं. बटन सेल, म्हणजे घड्याळातला चपटा गोल सेल, गिळला तर 'शीतून पडेल' म्हणत बसू नका. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही ती आतून भाजते. घोळणा फुटला तर डोकं मागे नाही, पुढे, आणि नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं दाबून धरा. सुजलेला हात चोळून घेऊ नका. कुत्र्याच्या चाव्यावर चुना-मिरची तर अजिबात नको; साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि इंजेक्शनला या.

गाडी शोधण्यात वेळ घालवू नका, 108 लावा. येताना रॉकेलची बाटली, सेलचं पाकीट बरोबर आणा आणि मुलाचं वजन ठाऊक असेल तर दारातच सांगा. औषधाचा डोस त्यावरच ठरतो.