कोकणकड्यावरून संधिप्रकाशातले तारे कसे टिपायचे
हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सूर्य बुडाला की लगेच ट्रायपॉड गुंडाळू नका, खरी मजा त्यानंतर 35 ते 50 मिनिटांनी येते, आभाळ गडद निळं होतं, तारे दिसायला लागतात आणि खालच्या डोंगररांगाही अजून कळत असतात. फोकस मॅन्युअलच ठेवा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर थेट दिसणाऱ्या चित्रात) ठळक तारा झूम करून लेन्सची फोकस रिंग अगदी हळू फिरवायची, तो टाचणीच्या टोकाएवढा झाला की रिंगला परत हात लावायचा नाही. वाइड लेन्सला एफ 2.8 (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), आयएसओ 800 (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता), शटर 10 सेकंद उघडं, इथून सुरू करा, अंधार वाढेल तसा आयएसओ वाढवा. वारा भन्नाट असतो, ट्रायपॉड बुटका ठेवा, आणि प्लीज, स्क्रीनकडे बघत कड्याच्या दिशेने सरकू नका.