पेठेत फर्निश्ड फ्लॅट भाड्याने घेताना

पुण्यात सदाशिव, नारायण किंवा शुक्रवार पेठेत राहायचं मोठं सुख म्हणजे रोजच्या कामाला गाडी काढावी लागत नाही. पण एजंटच्या ‘पाच मिनिटांवर’ विसंबू नका. संध्याकाळी सातच्या सुमारास मंडईतून चार-पाच किलोची पिशवी घेऊन त्या घरापर्यंत चालत जा. फुटपाथ अडवणाऱ्या गाड्या, बंद लिफ्ट, जिन्याच्या उंच पायऱ्या, सगळं एका फेरीत कळतं. घर लक्ष्मी, कुमठेकर, केळकर किंवा टिळक रस्त्याला लागून असेल, तर अनंत चतुर्दशीची मिरवणूक रात्रभर खिडकीखालून जाते. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर आतल्या गल्लीतलं घर बघा. पाणी किती वाजता येतं आणि टाकी केवढी आहे, हे शेजाऱ्यांना विचारा.

‘फर्निश्ड’चा अर्थ जो तो आपापला लावतो. कुणाकडे पलंग, सोफा, फ्रिज सगळं असतं, तर कुणाकडे फक्त पंखे, गीझर आणि किचन ट्रॉली. म्हणून सामान नुसतं पाहू नका, वापरून बघा. गादी उचलून शिवणींवर टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण समजा. नुसती गादी बदलून भागत नाही, कारण ते पलंगाच्या सांध्यांत दडतात. सिंकखालच्या प्लायवर बोटाने ठोका. आवाज पोकळ आला तर आत वाळवी असू शकते. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघाला तर रबर गेलंय, म्हणजे कॉम्प्रेसर जास्त चालणार आणि त्याचं बिल तुम्हीच भरणार. वॉशिंग मशीन पाणी भरून चालवा. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी जवळ असल्याने दाब कमी पडतो आणि मशीन मध्येच थांबतं.

मग सामानाची यादी करा, आणि इथे अजिबात आळस नको. ‘फ्रिज १’ असं मोघम न लिहिता ‘फ्रिज १, खालचा ट्रे तडकलेला’ असं लिहा. ही यादी भाडेकरारालाच जोडा, व्हॉट्सअ‍ॅपवर सोडू नका. डिपॉझिटवरून होणारे बरेच वाद या यादीअभावी होतात. नेहमीच्या वापराची झीज डिपॉझिटमधून कापणार नाही आणि मशीन आपोआप बिघडलं तर दुरुस्ती मालक करेल, ही दोन वाक्यं करारात हवीतच. मेंटेनन्स कोण भरणार, लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही) आणि नोटीस किती महिन्यांची, हेही लिहून घ्या.

करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ती ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं २५,००० आणि डिपॉझिट ७५,००० असेल तर ११ महिन्यांचे साधारण ७०० रुपये होतात. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क वेगळे १,०००. एजंटने सांगितलेल्या खर्चाशी हा हिशेब ताडून पाहा. मुदत संपल्यावर नूतनीकरण न करता राहू नका. कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं मागता येतं.

चावी घेताना मालकासमोर वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा आणि महावितरणच्या ग्राहक क्रमांकावरून थकबाकी तपासा. आधीच्या भाडेकरूचं बिल बाकी असेल, तर ते भरल्याशिवाय डिपॉझिटचा चेक देऊ नका.