शिवारात तीन वाण असतील, तर फवारणी एकच नको

पोळ्याच्या सुमारास पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्या-फुलांवर (कळ्या-फुलांवर) येते आणि गावातले पंप एकदमच बाहेर निघतात. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही मारायचं, तेही सगळ्या वाणांवर एकच औषध. यंदा हे टाळा. वाणागणिक किडीचा जोर वेगळा असतो, आणि तो ओळखायला पान उलटून पाहिलं तरी बरंच कळतं.

पानाच्या खालच्या बाजूनं बोट फिरवा. लव दाट आणि लांब असेल तर तुडतुड्याच्या मादीला शिरेत अंडी घालणं जड जातं. पण तीच लव पांढऱ्या माशीला मानवते. गुळगुळीत पानाचं याच्या उलट: माशी कमी, तुडतुडे लवकर चढतात. बियाण्याला लावून आलेल्या कीटकनाशकाचा असर साधारण महिना-सव्वा महिना राहतो, त्यानंतर गुळगुळीत पानाच्या संकरित वाणात आधी शिरा.

मोजणी प्रत्येक वाणाची वेगळी करा. एकरात कुठलीही 20 झाडं घ्या, प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं पान बघा, बेरजेला 60 ने भागा. पानामागे 2 ते 3 तुडतुडे, 10 फुलकिडे किंवा 8 ते 10 पांढऱ्या माशा भरल्या तरच रासायनिक औषध. त्याखाली 5 टक्के निंबोळी अर्क पुरे. पातळी ओलांडली तर फ्लोनिकॅमिड 50 डब्ल्यूजी, 10 लिटर पाण्यात 3 ग्रॅम. पायरेथ्रॉइड गटातली औषधं आता हाती घेऊ नका, त्यानं मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते.

लाल पानांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथं पैसा फार वाया जातो. तुडतुड्यानं रस शोषला की पानाच्या कडा खाली वळतात, आधी पिवळ्या, मग लालसर होतात, आणि पान उलटलं की तिरकी चालणारी हिरवट पिल्लं दिसतात. कडा सरळ, मागे पिल्लू नाही आणि तरी पान लाल होत असेल, तर तो बहुधा लाल्या. झाडाला नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडतंय. त्यावर कीटकनाशकाचा काही उपयोग नाही. बोंडं भरण्याच्या काळात 2 टक्के डीएपी आणि 1 टक्का मॅग्नेशियम सल्फेट वेगवेगळं फवारा.

एकेए-7, एकेए-8 यांसारखी देशी पऱ्हाटी रसशोषक किडींना बरीच दाद देत नाही. तिच्यावर शेजारच्या बीटीचं, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या कपाशीचं, वेळापत्रक लादणं म्हणजे निव्वळ खर्च. मात्र ती बीटी नाही, तेव्हा ठिपक्यांची, हिरवी आणि गुलाबी अशा तिन्ही बोंडअळ्यांसाठी पात्या आणि बोंडं तपासायलाच हवीत. बीजी-2, म्हणजे अशी दोन जनुकं असलेलं बीटी, लावणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. हिरवी अळी तिथं बहुतेक आटोक्यात राहते, पण गुलाबी अळीनं त्या दोन्ही जनुकांना दाद देणं सोडलं आहे. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यानं ते भोगलं.

गुलाबी अळीसाठी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) आत्ताच लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज 8 पतंग, 10 टक्के डोमकळ्या (आत अळी असल्यानं नीट न उमललेली फुलं), किंवा 20 हिरव्या बोंडांपैकी 2 मध्ये अळी, यातलं काहीही दिसलं की उपाय करायचा. बोंड बाहेरून चांगलं दिसतं म्हणून फसू नका, फोडूनच बघा. डोमकळ्या वेचून अळीसकट नष्ट करा. 140-150 दिवसांत निघणारं वाण दिवाळीनंतरच्या जोरातून बरंचसं सुटतं. उशिराच्या वाणात मोजणी दर आठवड्याला.

फवारताना हातमोजे, तोंडाला मास्क, पाठीवर वारा आणि दोन-तीन औषधांची खिचडी नाही. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असेल तर आत शिरून फवारू नका. चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली तर औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

कोणतंही वाण असो, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा. फरदड, म्हणजे वेचणीनंतर लांबवलेलं पीक, ठेवू नका, कवडी (किडका) कापूस चांगल्यात मिसळू नका आणि वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर रचू नका. अळी त्यातच पुढच्या हंगामापर्यंत तग धरते.