मेटॅलिक रंगाला वॅक्स की सीलंट?

गाडीच्या मेटॅलिक रंगाची चमचम येते ती ॲल्युमिनियमच्या बारीक कणांमुळे, आणि ते असतात क्लिअर कोटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थराच्या, खाली. वरून काहीही चोळा, कणांना हात लागत नाही. बदलतो तो फक्त वरच्या थरातून येणारा-जाणारा उजेड. सिल्व्हर, ग्रे अशा फिकट रंगांवर सिंथेटिक सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप) घ्या, कण ठसठशीत दिसतात. गडद निळ्या किंवा मरून गाडीवर कार्नोबा वॅक्सने (झाडाच्या पानांपासून मिळणाऱ्या मेणाने) रंग ओला, खोल वाटतो. चमचम जरा दबते. मला तरी तेच आवडतं. फक्त उन्हाळ्यात हे वॅक्स लवकर उतरतं.

पण खरा फरक पडतो पॉलिशने. रोज कोरड्या फडक्याने धूळ पुसली की बारीक ओरखड्यांचं जाळं तयार होतं आणि कण झाकोळतात. ग्लेझ, म्हणजे ओरखडे भरून टाकणारं क्रीम, ते तात्पुरतं लपवतं. पॉलिश ते काढतं, तेही क्लिअर कोट थोडा घासूनच, म्हणून ऊठसूट नको.

ठरत नसेल तर बॉनेट धुऊन मधोमध मास्किंग टेप लावा, दोन बाजूंना दोन प्रकार चोळा. हे सावलीत, थंड पत्र्यावर. पुसून झालं की गाडी उन्हात काढा आणि तिरकं बघा. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतील.