स्टिअरिंग वळवताना आवाज येतोय? आधी एवढं तपासा

आवाज आला की थेट रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा भाग) बदलायची घाई नको. रॅक महाग असतो आणि दोष बरेचदा दुसरीकडेच निघतो.

१. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. स्टिअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवा. घूंऽऽ असा आवाज आला तर इंजिन बंद करून स्टिअरिंग ऑइलची पातळी बघा. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ऑइल भरा आणि गळती शोधा. ऑइलवर फेस असेल तर आत हवा शिरली आहे. (इलेक्ट्रिक स्टिअरिंगला हे ऑइल बहुधा नसतंच.) कर्कश चीं आवाज मात्र बहुतेक इंजिनजवळच्या ढिल्या बेल्टचा (स्टिअरिंगचा पंप फिरवणारा पट्टा).

२. उभ्या गाडीत टणकन आवाज येतो? इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडा, शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर (तो वर बॉडीला जोडलेला असतो ती जागा) तळहात ठेवा आणि दुसऱ्या कुणाला स्टिअरिंग हलवायला सांगा. हाताला झटका जाणवला तर तिथलं बेअरिंग गेलंय. माझ्या मते सगळ्यात उपयोगी तपासणी हीच.

३. वळणावर चालत्या गाडीत कट-कट आली तर चाकामागचा रबरी बूट (एक्सलच्या जॉइंटवरचं आवरण) बघा. फाटून ग्रीस उडालं असेल तर एक्सलचा जॉइंट झिजला असणार.

स्टिअरिंग सैल लागत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका. टो करून न्या.