मांजराची जात कशी ओळखावी? आधी रंग विसरा

‘पांढरं, केसाळ आहे ना? मग पर्शियनच.’ ‘करडं आहे, म्हणजे रशियन ब्लू असणार.’ मांजर दिसलं की असे निकाल लगेच लागतात आणि बहुतेक वेळा चुकतात. मुळात जगातल्या बहुसंख्य मांजरांना जातच नसते. आफ्रिकी रानमांजराचे हे वंशज माणसाच्या आसपास हजारो वर्षं राहिले, पण आपला जोडीदार त्यांनी स्वतःच निवडला. माणसाने ठरवून जाती घडवायला घेतल्या त्या साधारण गेल्या दीडशे वर्षांत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं ते १८७१ साली.

१. रंग बाजूला ठेवा

पट्टे, ठिपके, कपाळावरचा ‘एम’ हे सगळं कुठल्याही मांजरात दिसू शकतं. तिरंगी मांजर ही तर जातच नव्हे. तांबूस रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून तांबूस आणि काळा रंग एकत्र दिसला की ती जवळजवळ नेहमी मादी निघते. म्हणजे रंगावरून जात नाही, पण नर की मादी हे मात्र कळून गेलं.

सयामीचा रंग मात्र खरोखर बघण्यासारखा. तिच्या अंगात रंग तयार करणारं विकर गारव्यातच नीट काम करतं. त्यामुळे उबदार पोट-पाठ फिकट राहते आणि कान, तोंड, पंजे, शेपूट हे थंड भाग गडद होतात. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लं जन्मतात ती जवळपास पांढरी. पण हा रंगही एकट्या सयामीचा नाही. हिमालयन, रॅगडॉल आणि कित्येक बिनजातीच्या मांजरांतही तो असतो.

२. चेहरा बाजूने बघा

समोरून सगळीच गोड दिसतात. खरी ओळख बाजूने पटते. पर्शियन नकटी, चेहरा जवळजवळ सपाट. आधुनिक सयामीचं डोकं पाचरीसारखं निमुळतं, कान मोठे. मेन कून आणि नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅट या दोघांत भले भले गोंधळतात. नॉर्वेजियनचं नाक कपाळापासून शेंड्यापर्यंत सरळ रेषेत उतरतं आणि चेहरा त्रिकोणी असतो. मेन कूनच्या नाकाला किंचित बाक असतो आणि जबडा चौकोनी.

३. अंगावरून हात फिरवा

अर्थात, मांजराची मर्जी असेल तर. मेन कूनचे केस खांद्यावर आखूड, पोटावर आणि मागच्या पायांवर लांब. पर्शियनचे सगळीकडेच लांब, आणि रोज विंचरले नाहीत तर गुंता ठरलेला. रशियन ब्लूची लव दुहेरी आणि दाट, डोळे हिरवे. करड्या ब्रिटिश शॉर्टहेअरचे डोळे सहसा तांबूस. ॲबिसिनियनच्या एकेका केसावर फिक्या-गडद रंगाच्या आडव्या पट्ट्या असतात. डेव्हन रेक्सचे केस कुरळे. स्फिंक्सला ‘बिनकेसांची’ म्हणतात खरं, पण अंगावर बारीक लव असू शकते. त्वचेवरचं तेल शोषायला केसच नाहीत, म्हणून तिला नियमित आंघोळ घालावी लागते.

४. कान, पाय, शेपूट तपासा

दुमडलेले कान म्हणजे स्कॉटिश फोल्ड, आखूड पाय म्हणजे मंचकिन, शेपूट नाही म्हणजे बहुधा मँक्स. ओळखायला सगळ्यात सोप्या जाती याच, पण पसंत करताना दहादा विचार करा. १९६१ मध्ये स्कॉटलंडच्या एका शेतावर सापडलेल्या सुझी नावाच्या मांजरीपासून फोल्डची जात सुरू झाली. कान दुमडवणारा कूर्चेतला दोष कानापुरता थांबत नाही, सांध्यांतही उतरतो. म्हणजे आपल्याला गोंडस वाटणारा तो कान हे आजाराचंच लक्षण. मी तरी अशी मांजर घ्यायला कुणाला सुचवणार नाही.

५. पिल्लाच्या बाबतीत घाई करू नका

सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळे असतात. रंग बदलायला लागतो तो सहा-सात आठवड्यांनंतर. मेन कूनला तर पूर्ण वाढायला तीन-चार वर्षं लागतात. दोन महिन्यांचं केसाळ पिल्लू पुढे काय होईल, हे नुसतं बघून सांगणं अवघडच.

६. कागद मागा

जातिवंत म्हणून पिल्लू घेत असाल तर वंशावळीची नोंद बघा. सीएफए (स्थापना १९०६) आणि टिका (१९७९) या अशा नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या संस्था. त्याहून महत्त्वाचे आई-बापांचे तपासणी अहवाल. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. तो आई किंवा बाप एकाकडूनही येऊ शकतो आणि जनुकीय चाचणीत कळतो. मेन कूनमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा धोका असतो, म्हणून तिथे हृदयाच्या सोनोग्राफीचा अहवालही मागा. विकणारा ‘गरज काय?’ म्हणू लागला, तर तिथून पाय काढता घ्या.

आणि कागदच नसतील, तर डॉक्टरांच्या फॉर्मवरच्या ‘जात’ या रकान्यात सरळ ‘घरगुती, आखूड केस’ किंवा ‘घरगुती, लांब केस’ असं लिहा.