बर्लिनमध्ये खोली घेताना आधी नोंदणीचे विचारा

जर्मनीत शिकायला येणाऱ्यांना ब्लॉक्ड अकाउंट, विमा आणि व्हिसा यांचे नियम निघण्याआधीच तोंडपाठ झालेले असतात, त्यामुळे त्यांविषयी मी लिहीत नाही. इथे उतरल्यावर गळ्याशी येते ते आन्मेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी. आणि ती होणार की अडणार, हे बुर्गरआम्टच्या, म्हणजे ही नोंदणी करणाऱ्या नागरिक सेवा कार्यालयाच्या, खिडकीवर नव्हे, तर खोली ठरवतानाच निश्चित होते.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करावी लागते. त्यासाठी पासपोर्ट आणि अर्जासोबत घर देणाऱ्याच्या सहीचे एक पानी प्रमाणपत्र लागते, ज्याला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग असे लांबलचक नाव आहे. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. करारावर सही आहे, भाडे बँकेतून गेले आहे, किल्ली खिशात आहे, तरीही चालत नाही. मला ज्याने खोली दिली तो स्वतःच भाडेकरू होता. अनामत रक्कम हाती पडेपर्यंत त्याच्या बोलण्यात साखर होती. प्रमाणपत्राचा विषय काढताच ‘पुढच्या आठवड्यात बघू’ सुरू झाले. मालकाला न विचारता त्याने खोली पोटभाड्याने दिली होती आणि कागदावर सही केली तर ते उघडे पडेल, अशी त्याला धास्ती होती.

अशा वेळी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. मूळ मालकाची सही आणण्याची गरज नसते. ज्याने प्रत्यक्ष खोली दिली, त्या मुख्य भाडेकरूची सही पुरते. दुसरे असे की, प्रमाणपत्र देणे त्याला कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो टाळाटाळ करत असेल तर तसे नोंदणी कार्यालयाला ताबडतोब कळवणे हे आपलेही कर्तव्य आहे. हे इथल्या एकाही अनुभवी सिनियरने मला सांगितले नाही. त्यांच्याकडे होता तो ‘ओळखीतला एक जण पैसे घेऊन पत्ता देतो’ हा उपाय. जिथे आपण राहणार नाही तिथला पत्ता असा पुरवणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो आणि खोटी नोंदणी करणाराही सुटत नाही. असले सल्ले देणाऱ्यांना मार्गदर्शक म्हणणे मला मान्य नाही.

नोंदणी रखडली की पुढचे सारे रखडते. करओळख क्रमांक नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने येतो. तो नसेल तर नोकरीच्या पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जड, कपात होऊ शकते. जादा कापलेला कर पुढे विवरणपत्र भरून परत मिळतो, त्यामुळे पैसे बुडाले असे समजू नका; मात्र तोवर भाड्याची जुळवाजुळव तुम्हालाच करावी लागते. टपालपेटीवर आपले आडनाव पहिल्याच दिवशी लावा, साध्या कागदावर चिकटवले तरी चालेल. इथला पोस्टमन फ्लॅटचा क्रमांक नव्हे, पेटीवरचे नाव पाहतो, आणि नाव नसेल तर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते.

बुर्गरआम्टची वेळ दोन आठवड्यांच्या आतली मिळाली नाही म्हणून झोप उडवून घेऊ नका. मुदतीत वेळ घेतल्याची ईमेल जपून ठेवा, आणि बर्लिनमध्ये कोणत्याही भागातील बुर्गरआम्ट चालते, त्यामुळे श्पांडाऊपासून क्योपेनिकपर्यंत सर्वत्र शोधा. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर पाहिल्यास हाती लागतात. खोलीच्या जाहिरातीत मात्र ‘नोंदणी शक्य नाही’ असे असेल, तर भाडे कितीही स्वस्त असो, तिकडे फिरकू नका. आणि जाहिरात गप्प असेल, तर पैसे पाठवण्यापूर्वी प्रमाणपत्र कधी मिळेल हे ईमेलवर लेखी विचारा.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचे पत्र येईल. ते खरे असते, फसवणूक नव्हे. शुल्क माणशी नसून घरटी महिना 18.36 युरो आहे, म्हणून सोबत राहणारा कोणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क क्रमांक विचारून कळवा.